चमचा, तांब्या आणि आमचे हे

लकव्यानं माझं तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, तेव्हा बोरी गावातल्या दोन-चार जणींना बरंच वाटलं असेल. अंगणवाडीत पोरांना दटावण्यात माझा जन्म गेला. गल्लीत माझ्या तोंडाला कुणी लागत नसे. आता साधं पाणी मागायचं तर "पापा" निघायचं. कुणी भेटायला आलं की मी तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळायची.

परभणीच्या स्पीच थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, घरी रोज सराव करा. आणि तोंडपाठ असलेलं काही म्हणायला लावा, ते आधी येतं. सराव घ्यायला बसले आमचे हे. चहा झाला की ओसरीवर माझ्यासमोर चमचा, तांब्या, कुलूप मांडायचे आणि एकेक उचलून विचारायचे, "हे काय हाय? सांग की." सोयाबीनच्या भावावरून दिवसभर खेकसणारा माणूस, पण माझ्या "चच्चा"चा "चमचा" होईपर्यंत वाट बघायचा. शेजारी सून भाजी निवडत बसलेली असायची.

एक दिवस त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आन् मी कोन?"

नाव मला आठवत होतं. अगदी जिभेवर होतं. पण नवऱ्याचं नाव असं तोंडावर घ्यायचं? तेही सुनेदेखत? लग्नापासून मी "आवो"वरच निभावलेलं. दवाखान्यात कुणी त्यांचं नाव विचारलं तर सोबतच्या बाईला सांगायला लावायची. मी खाली मान घातली. त्यांनी परत विचारलं नाही. कुलूप उचललं.

त्या संध्याकाळी पूर्णेला दिलेल्या लेकीशी ते फोनवर बोलत होते. "चमचा म्हनायलीय, तांब्या म्हनायलीय. मला मातर वळखंना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या लाजेपायी मी त्या माणसाला केवढ्या घोरात टाकलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच बसले. त्यांनी काही उचलायच्या आधीच त्यांच्याकडे बोट केलं आणि तोंड उघडलं. नाव आलंच नाही. काल जिभेवर होतं ते आज कुठंच नव्हतं. निघालं काय, तर "चच्चा". त्यांनी मुकाट्यानं चमचा माझ्या हातात दिला.

मी तो अंगणात भिरकावला. आत गेलेली सून धावत दारात आली. रडता रडता मला मॅडमचं बोलणं आठवलं. पाठ असलेलं आधी येतं. लग्नात घेतलेला उखाणा तर पाठ होता. डोळे मिटून सुरू केलं, "तुरीला आल्या शेंगा, कापसाला बोंड..." एवढं घडाघडा आलं आणि नेमकी नावापाशी गाडी अडली. घामाघूम झाले मी. लाजेनं मान वर होईना.

मग त्यांनी हळूच स्वतःचंच नाव घेतलं. वर "राव"सुद्धा लावलं, आणि चमच्याच्या वेळी बघायचे तसे माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी त्यांच्या मागून म्हटलं, अर्धंमुर्धं, वाकड्या तोंडानं. पुढचं आपोआप आलं, "नावासाठी उघडते मी तोंड."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी तोंडावर पदर ओढायला हात वर नेला, तर त्यांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे. आन् एकदा म्हन."

सून अजून दारातच उभी होती. तरी म्हटलं.