बंगल्याची समोरची बाजू

घर मोजायला गेलेल्या माणसाला त्या घराचं समोर कुठे हेच कळू नये, याची मला अजून थोडी लाज वाटते.

बंगला यवतमाळच्या कडेला आहे. कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या साहेबासाठी, तेव्हा गावाबाहेर असलेल्या माळावर, तो शंभरेक वर्षांपूर्वी बांधला. पुढे एका शेतकरी कुटुंबाने विकत घेतला, आणि आता तो संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. नियम असा, की दर्शनी बाजूला हात लावायचा नाही. मागच्या बाजूला परवानगी घेऊन किरकोळ बदल चालतो.

तिथल्या काकांना पक्षाघात झाला होता. जोतं उंच, दोन्हीकडे पायऱ्या, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतले काका कित्येक महिने घराबाहेर पडलेच नव्हते. काकूंना रॅम्प हवा होता. अर्जाला नकाशा लागतो, म्हणून आमच्या आर्किटेक्ट सरांनी मला टेप देऊन पाठवलं. पदवीनंतर मला पहिली नोकरी या सरांनीच दिली. त्यांनी दिलेलं काम चुकू नये, एवढीच धास्ती.

मी बोरी अरबजवळच्या तांड्यातली. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली पहिलीच. आमच्या तांड्यात सगळ्या घरांची दारं उगवतीला. त्यामुळे बंगल्यावर पोचल्यावर दिशा पाहिली आणि कागदाच्या पूर्वेकडच्या कडेला, एकही माप घेण्याआधी, ‘दर्शनी बाजू’ लिहून मोकळी झाले. समोर दुसरीकडे असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही.

मोजायला लागले तशी गोंधळले. पूर्वेला नुसतं सोयाबीनचं शेत. रस्ता नाही, फाटक नाही. पण बग्गी उभी राहील एवढा पोर्च तिथेच, तीन कमानी तिथेच, छपराच्या त्रिकोणात लाकडी जाळी तिथेच. पश्चिमेला रस्ता, फाटक, बेल, आणि भिंत मात्र अगदी साधी. दारातून आत गेलं की थेट स्वयंपाकघर. तरी नक्षीच्या फरशा त्या बाजूच्या व्हरांड्यात. स्वयंपाकघराच्या दारात इतक्या देखण्या फरशा कोण घालतं?

मला पोर्चमध्ये टेप धरून बसलेली पाहून काकू आल्या.

“मांगं काय मोजून राह्यली वं तू, इतक्या वेळची?”

“काकू, हे मागे नाही. हेच खरं समोर आहे!” मी मोठ्या उत्साहाने म्हणाले.

“लगन होऊन आली तशी मी त्या दारातून येतो. हे समोर असतं तर पाव्हणे काय सोयाबीनमधून येतील?”

“तेव्हा रस्ता इकडून असेल.”

“असंन. पन तुह्या कागदात हे समोर झालं, तर माह्या रॅम्पचं काय?”

तेव्हा कुठे मला उमगलं. काकांची खोली पोर्चला लागून, आणि रॅम्पही तिथेच करायचा होता. मी समोर म्हटलं तर रॅम्प नाही, मागे म्हटलं तर या कमानींना कुणीही हात लावणार. सरांना फोन केला. ते म्हणाले, “घर काय सांगतं ते लिही.” घर मला दोन गोष्टी सांगत होतं. मी खोडलं, लिहिलं, परत खोडलं. कागद तिथे पातळ झाला.

तेवढ्यात आतून काकांचा जड आवाज आला. “पोरी, मले विचारलं काय कोनी?”

मी खिडकीशी गेले.

“तिकडं नेऊन मले काय दाखवता? सोयाबीन? ते काय मले रामराम करते? रस्त्याकडून काढा. मानसं दिसतात.”

काकू कडाडल्या, “रस्त्याकडून म्हंजे माह्या स्वयंपाकघरातून! गॅसपाशून जाईन काय तुमची गाडी?”

“जाईन. जाता जाता भाजीतलं मीठबी पाहीन.”

काकूंना हसू आलं नाही. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, गॅसच्या ओट्यापुढचा पाट बाजूला केला आणि मला म्हणाल्या, “मोज वं बाई.” दार एकोणतीस इंच भरलं, खुर्ची सव्वीस.

पोर्च दर्शनी, रस्ता मागे, असा नकाशा गेला. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि सही केली. परवानगी मिळाली. पण ते मी मापावरून लिहिलं, सोयीचं म्हणून लिहिलं, की तांड्यातल्या सवयीने, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. शेवटचं माप घेताना पश्चिमेच्या भिंतीत गिलाव्याखाली बुजवलेल्या कमानीसारखी रेघ दिसली होती. कमान होती की नुसता तडा, तेही कळलं नाही. मी ती नकाशात दाखवली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मध्यंतरी तिकडून गेले, तर काका रॅम्पच्या टोकाला, फाटकात बसलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवत होते. मलाही थांबवलं.

“काहून वं पोरी, तुह्या कागदात मी आता घराच्या मांगं बसलो ना?”

“हो काका.”

“मंग सारे लोक मांगूनच काहून जाऊन राह्यले?”

मी हसले आणि फाटकातच, काकांच्या शेजारी टेकले.