उंचीसाठी सोडलेलं दूध

माझी उंची वाढवणारी बाई आज सकाळी गेली.

हे वाक्य वाचून लोहगावकर मॅडम रागावल्या असत्या.
"मी नाही वाढवली, तुझी तूच वाढलीस," असं त्या दर वेळी म्हणायच्या.
आज खोडून काढायला त्या नाहीत, म्हणून बिनधास्त लिहिते.

शहागंजात कापडाच्या दुकानांच्या वर त्यांचा दवाखाना होता. लहान मुलांच्या वाढीच्या, हार्मोन्सच्या डॉक्टर.

मी सातवीत होते आणि दिसायचे चौथीतली.

लासूर स्टेशनला आजोळ. तिकडून येताना कंडक्टर मला हाफ तिकीट द्यायचा. दुसऱ्या कुणाची आई असती तर गुपचूप घेतलं असतं. माझी आई भांडून फुल घ्यायची. "सातवीत हाये माझी पोरगी," अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं.
मला सीटखाली लपावंसं वाटायचं. तेवढ्या जागेत मी मावलेही असते.

शेवटी पप्पांनी वाळूजच्या कंपनीत सुट्टी टाकली आणि आम्ही मॅडमकडे गेलो.

हाताचा एक्स-रे झाला. हाडांचं वय माझ्या वयापेक्षा कमी निघालं, म्हणजे वाढायला अजून वेळ होता. ही चांगली बातमी.
रक्त मुंबईला गेलं. आयजीएफ-१ नावाचं काहीतरी फारच कमी आलं. ही वाईट.

मेंदूतून ग्रोथ हार्मोनच कमी सुटत असेल, तर काही वर्षं रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, असं मॅडमनी सांगितलं. त्याआधी अजून एक मोठी टेस्ट.
सुयांचं मला काही नव्हतं. आपण कायमच्या अशाच राहणार का, याची भीती होती. ती मी कुणाला बोलले नाही.

टेस्टची तारीख ठरवायला गेलो तो गुरुवार होता. दवाखान्यात कुणीतरी पेढे आणले होते. मॅडमनी मला एक दिला, मी हात मागे घेतला.

"आवडत नाही?"
"लई आवडतो. पण मी दूध सोडलंय. आणि आज उपास हाये."
"कशाचा उपास?"
"उंचीचा."

आईनं दंडाला चिमटा काढला. उशीर झाला होता.

आईनं नवस बोलला होता. पोरीची उंची वाढेपर्यंत पोरगी सोमवार-गुरुवार उपास धरेल आणि आवडीची वस्तू सोडेल.
माझी आवडीची वस्तू दूध. त्यामुळं दही, ताक, खवा सगळंच गेलं. उपासाला कोरा चहा आणि संध्याकाळी मूठभर भगर. एरवीही मी चिमणीसारखी खाणारी. असं वर्ष उलटून गेलं होतं.
मॅडमनी पहिल्याच दिवशी खाण्याचं विचारलं होतं. आईनं "खाते की" म्हणून विषय संपवला होता. नवस बोलून दाखवला की फळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

उंचीसाठी दूध सोडणारी पोरगी अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन.

"सांगून बसलीस," आई म्हणाली. "गेला आता नवस." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम हसल्या नाहीत. अंधश्रद्धेवर भाषणही दिलं नाही.
"ताई, देवानंच तिच्या तोंडून वदवलं असेल," म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या अजून डोक्यात आहे.
ग्रोथ हार्मोन हुकूम देतो, त्यावर लिव्हर आयजीएफ-१ बनवतं, आणि त्याच्यामुळं हाडं वाढतात. पण पोटात पुरेसं जात नसेल तर हुकूम येऊनही लिव्हर हात आखडतं. जे थोडं बनतं तेही रक्तात एकटं हिंडत नाही. त्याला धरून नेणारी प्रोटीन्स असतात. काही सांभाळून नेतात, तर भुकेच्या वेळी वाढणारं एक त्याला कामावर सोडतच नाही.
घरात दाणा नसताना कुणी वरचा मजला बांधायला काढत नाही, तसंच शरीराचं.

पप्पांना ते कंपनीच्या भाषेत कळलं.
"म्हंजी मशीन खराब नाय. मालच येत नाय."
"तसंच वाटतंय," मॅडम म्हणाल्या. "आधी माल पाठवून बघू. नाहीच चाललं तर मशीन उघडू."

आई अडून बसली. बोललेला नवस मोडायचा कसा?
मग म्हणाली, "बोलले मी. तर उपास मी धरते. पोरगी जेवंल."
तुम्हीही उपाशी राहू नका, असं मॅडमनी बजावलं. आई कुणाच्या बापाचं ऐकते?

मी मात्र जेवले. दूध, अंडी, वरण, भाकरी. मॅडम दर भेटीला काल काय काय खाल्लं ते विचारायच्या, आणि आता उत्तर आई नाही, मी द्यायचे.

पुढच्या तपासणीत आयजीएफ-१ चढलं होतं, त्याला नेणारं प्रोटीनही. दारामागच्या भिंतीवर पप्पा पेन्सिलीनं रेघ मारायचे. रेघा वर सरकायला लागल्या. मोठी टेस्ट करावीच लागली नाही.

आईनं उद्यापन केलं. सवाष्ण म्हणून मॅडमना बोलावलं.
"ताई, माझे मिस्टर नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या.
"ठावं हाये. तुमीच बसा."
सगळा नवस पोथीबरहुकूम पाळणारी माझी आई. तिनं त्यांची ओटी भरली, आणि मॅडम पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या.

आज मी फार उंच नाही. घरातल्या बायकांएवढी आहे, आणि मला तेवढंच हवं होतं.

दुपारी मॅडमना पोचवून घरी आलो. आई भिंतीला टेकून बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आजचा दिवस नको म्हणाली.
मी ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं.
"त्यांना चाललं नसतं, आई."
तिनं ताट जवळ ओढलं. मग पहिला घास तिनं मला भरवला आणि दुसरा स्वतः घेतला.

मॅडम, आम्ही जेवलो.
आता निवांत जा.