न्याहारीच्या टेबलांखालची कबर

फर्दापूरजवळच्या ज्या दगडी कोठीत आम्ही राहतो आणि लेणी पाहायला येणाऱ्यांना खोल्या देतो, ती आमच्या पूर्वजांची नाही. बाहेरच्या पाटीवर कालपर्यंत ती पूर्वजांचीच असल्याचं लिहिलेलं होतं, आणि ते मीच लिहून घेतलं होतं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर इथले जहागीरदार शहरातल्या छावणी भागात राहायला गेले आणि माझ्या वडिलांनी कोठी रीतसर विकत घेतली. अट एकच, तीही तोंडी. मागच्या अंगणात जहागीरदारांच्या बायकोची कबर होती, ती राखायची.

वडिलांनी राखली. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, माझी आई तिथं ऊद घालायची. जहागीरदारांची मुलगी वर्षातून एकदा यायची, आपल्या आईसाठी फातिहा पढायची आणि मग आमच्या ओसरीवर चहा घ्यायची. मी तिला आपा म्हणायचो.

वडील गेल्यावर मी कोठीचं लॉज केलं. कबरीसमोर बसून खायला पाहुणे बिचकतील, असं मला वाटलं. तसं कुणीच म्हणालं नव्हतं. मी कबरीचे दगड काढले, वर शहाबादी फरशी घातली आणि टेबलं मांडली.

त्या वर्षी आपा आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "वडिलांनीच शेवटी मौलवींना बोलावून अम्मीला कब्रस्तानात हलवलं." तिनं वडिलांना, तिच्या पाटीलसाहेबांना, दुवा दिल्या आणि जागा दाखव म्हणाली. गावच्या कब्रस्तानातली एक बिननावाची कबर मी बोटानं दाखवली. पुढं कित्येक वर्षं ती कुणा परक्याच्या कबरीवर फुलं चढवत राहिली आणि मी डोक्याला रुमाल बांधून शेजारी उभा राहत गेलो.

गेल्या महिन्यात तिच्या मुलाचा फोन आला. अम्मी फार थकली आहे, तिला नानीच्या शेजारीच जागा हवी आहे, कब्रस्तानवाल्यांशी तुम्ही बोलाल का? माझ्यानं हो म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी छावणीत गेलो.

आपा खाटेवर टेकून बसली होती. "काय रे, लई वाळलास. लॉजवाला असून उपाशी?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"वर काय हाय आता?"

"टेबलं."

"लोकं पाय ठेवतात?"

"व्हय, आपा."

"आन् पाटीलसाहेबांनी हलवली म्हणालास, ते?"

"खोटं. त्यांनी राखली. मोडली मी."

"मग त्यांच्या दुवा त्यांच्याकडंच राहू दे. तुला काय द्यावं, मला सुचत नाय." तिनं तोंड भिंतीकडं केलं. "आधी फरशी उचल."

फरशी उचलली आहे. कबरीचे दगड मी पुढच्या पायऱ्यांना वापरले होते, तेही काढून परत बसवले. शेजारची जागा मोकळी ठेवली आहे. ती माझ्या अंगणात यायला तयार आहे की नाही, हे आपानं अजून सांगितलेलं नाही.