दोरीमामांचं कुंपण

दवाखान्याच्या माळ्याला सगळे दोरीमामा म्हणत. दोन काठ्या ठोकायच्या, मध्ये दोरी ताणायची आणि मगच कुंपणाला कात्री लावायची, हा त्यांचा नेम. फाटकावरचा वॉचमन चिडवायचा, “मामा, मिशासुद्धा दोरी लावूनच कापता का हो?” मामा म्हणायचे, “तुझी जीभ आण इकडे, आधी ती सरळ करतो.”

कुंपण त्यांनीच लावलेलं, लग्नाच्या वर्षी. बाराही महिने हिरवी राहणारी झुडपं, फाटकाजवळच्या नळापासून थेट मागच्या वॉर्डापर्यंत. बाहेरून बघावं तर हिरवी भिंत! आतली गोष्ट मात्र मामांनाच ठाऊक. वर्षानुवर्षं वरवर कात्री फिरवल्यामुळे हिरवेपणा उरला होता वीतभर. आत हात घातला की नुसत्या कोरड्या काटक्या. आणि बोटबोट फुगत कुंपणानं पायवाट गिळली, वॉर्डाच्या खिडक्याही झाकल्या. हे मामांना दिसत नव्हतं असं नाही. पण जुन्या लाकडात करवत घालायची म्हटलं की ते पुन्हा कात्रीच उचलायचे.

मग नव्या मेट्रनबाई आल्या. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, “पेशंटना भरदिवसा दिवे लावावे लागतात, मामा. कुंपण गुडघ्याएवढं कापा. पुन्हा फुटलं तर उत्तम, नाहीतर सगळं उपटून तारेचं घालू.”

“गुडघ्याएवढं! पण कोणाच्या?” मामा घरी येऊन करवादले. ते स्वतः ताडमाड, मेट्रनबाई जेमतेम त्यांच्या खांद्याला.

“हुकूम त्यांचा, तर गुडघाही त्यांचाच,” मामी म्हणाल्या.

मामांनी तेच धरलं. काठ्या ठोकल्या, दोरी खाली बांधली आणि करवत चालवली. काम संपलं तेव्हा आवारात उरले बोडके खुंट, तेही एका रेषेत. येणारे-जाणारे म्हणायचे, “अरेरे, कोणी हो ही अक्कल चालवली?” वॉचमन बोटानं मेट्रनबाईंची खोली दाखवायचा. मामा ऐकायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

पण आपल्या हातांनी लावलेलं आपल्याच हातांनी मेलं तर? या धास्तीनं मामांनी पाण्याचा सपाटा लावला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, घरी जाता जाता पुन्हा पाणी. रबरी नळी आखूड, ती अर्ध्यावरच संपायची. वॉर्डाकडच्या खुंटांना अधूनमधून बादलीभर मिळायचं, आणि त्यांच्याशी आपण सापत्नभावानं वागतोय असं वाटून मामांचा जीव तुटायचा. एकदा डबा द्यायला आलेल्या मामींची चप्पल चिखलात रुतली.

“अहो, अंगावर पान नाही एक, आणि एवढं पाणी पिणार कशानं ते?”

“तू डबा ठेव आणि जा बरं,” मामा म्हणाले.

एके सकाळी मेट्रनबाईंनी वॉर्डाच्या खिडकीतून हाक मारली. मामा धावले. तिथल्या खुंटांच्या जुन्या सालीतून हिरवे कोंब डोकावत होते, मुगाएवढे. मामांना इतका आनंद झाला की भर वाटेत उकिडवे बसून ते कोंब मोजू लागले. मग उठून एकेक खुंट बघत नळाच्या दिशेनं निघाले. नळी पोचायची तिथपासून थेट नळापर्यंत एकही कोंब नव्हता. नखानं साल खरवडली, आत तपकिरी. एक खुंट हलवला तर तो हातातच आला. मूळ काळं, लिबलिबीत, कुबट वासाचं.

मेट्रनबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माझंच चुकलं, मामा. इतकं खाली कापायला सांगायला नको होतं.”

वॉचमन लगेच म्हणाला, “तरी मी म्हणतच होतो!”

मामा गप्प राहिले असते तरी चाललं असतं. सगळ्या आवाराचं तेच मत होतं, आणि इतके दिवस मामांनी ते खोडलंही नव्हतं. त्यांनी हातातला खुंट बाईंपुढे धरला.

“तुमचं नाही चुकलं, बाई,” ते म्हणाले. “तिकडची झुडपंही तेवढीच खाली कापलीत. ती फुटली. ही मी मारली. पाणी पाजून पाजून.”

वॉचमन फाटकाकडे निघून गेला. मेट्रनबाईंनी अर्ध्या लांबीची तार मागवायला सांगितली. मामांनी मदतीला कोणाला बोलावलं नाही. नळाजवळचे सगळे खुंट त्यांनी एकट्यानं उपटून काढले. जोर लावावाच लागला नाही.