दाराजवळचा भाकरतुकडा

न्यू टाउनमधल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी, चपलांच्या कपाटाशेजारी, एक स्टूल आहे. त्यावर स्टीलची ताटली, ताटलीत भाकरीचा तुकडा आणि बाजूला पाण्याचा तांब्या असायचा. कुणी लांबच्या प्रवासाहून आलं की त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायचं, भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं आणि मग आत घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. पण त्यासाठी माणूस निदान स्टेशनवर तरी उतरावा लागतो. आई महिनोन्‌महिने रोज सकाळी तो तुकडा ताजा करून ठेवत होती.

ज्याच्यासाठी ठेवायची तो माझा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर इंजिनियर. जहाजावर चढण्याआधी तो आमच्याकडे राहून गेला, आईला सोबत म्हणून इथेच ठेवून गेला आणि इथूनच विमानतळावर गेला. आईने त्याच्या हातावर दही घातलं. तो देवाला आणि आईला नमस्कार करून ‘येतो’ म्हणाला. सगळं जसं करायचं तसं केलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर गावाकडून, साताऱ्याहून आलेल्या प्रत्येक फोनवर कुणी ना कुणी विचारायचंच, निघताना काही राहिलं होतं का? अंगाचा तिळपापड व्हायचा. काहीही राहिलं नव्हतं.

कंपनीचा फोन आला तो माझ्याच मोबाइलवर. भाऊ कामावर आला नाही, केबिनमध्ये नाही, जहाजावर कुठेच नाही. जहाज मागे फिरवलंय, शोध चालू आहे. मग आणखी एक फोन. शोध थांबवलाय. बोलणारा माणूस सभ्य होता आणि त्याचा तो सभ्य आवाज मला अजून सहन होत नाही. शोध थांबवला म्हणजे काय? काकडी-टोमॅटो घ्यायला थांबतात तसं?

आई ते मानायलाच तयार नव्हती. नातेवाईक दिवस घालायचं सुचवू लागले तेव्हा तिने फोन घेणंच सोडलं आणि दाराशी स्टूल मांडलं. ज्वारीचं पीठ इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. महाराष्ट्रातून कुणी येणार असलं की मी निर्लज्जपणे त्याच्या सामानात पीठ घुसवायचो. वर आईवर चिडायचो. स्टुलाला मुंग्या लागतात, येणारा-जाणारा विचारतो, किती दिवस चालणार हे? ती म्हणायची, “तो आला आणि घरात भाकरी नसली तर?” मी कपाळावर आठ्या घालून लॅपटॉपसमोर जाऊन बसायचो.

अशात तो जुलैचा दिवस आला. आपल्या देशाचा एक जण अंतराळस्थानकावरून परत यायचा होता. घरी मी टीव्ही लावत नव्हतो, कारण कुठल्या क्षणी पडद्यावर समुद्र दिसेल याचा नेम नसतो. पण दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या बंगाली काकीमा हातात संदेश मिठाईचा डबा घेऊन आल्या. त्यांचा टीव्ही बिघडला होता. “माशीमा, चलिए, साथ में देखेंगे,” असं आईला म्हणत त्यांनी स्वतःच रिमोट घेतला. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या, आत पंखा गरगरत होता. मला नाही म्हणता आलं नाही.

यान उतरणार होतं तिकडे रात्र होती. पडद्यावर सगळं काळं-करडं. यान वातावरणात शिरलं आणि निवेदक म्हणाला, आता काही मिनिटं संपर्क तुटेल.

“म्हणजे तो बोलत नाही?” आईने विचारलं.

“बोलत असेल. भोवती इतकी आग असते की ऐकू येत नाही.”

“मग आहे की नाही, हे कसं कळतं?”

“कळत नाही. वाट बघायची.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. आईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. काकीमा हात जोडून पुटपुटत होत्या. आणि मी? खोटं कशाला सांगू, त्या काही मिनिटांत माझ्या मनात आलं, याचाही आवाज येऊ नये. साऱ्या जगाला एकदा कळू दे, ही शांतता कशी असते ते. त्या माणसाने माझं काय वाईट केलं होतं? पण आलं मनात.

मग खरखर झाली आणि त्या खरखरीतून एक आवाज आला. दोन-चार शब्द, शांत, कामापुरते. काकीमांनी टाळ्या वाजवल्या. छत्र्या उघडल्या आणि यान हेलकावे घेत खाली येऊन समुद्रात पडलं. मी रिमोट शोधू लागलो. तो काकीमांच्या मांडीखाली होता.

वेगाने जाणाऱ्या बोटी दिसल्या.

“या बोटी आधीपासून तिथेच होत्या?” आईने विचारलं.

“हो.”

“त्यांना ठाऊक होतं कुठे पडणार ते?”

“त्याचं गणित असतं, आई.”

“एवढंसं डबडं,” ती म्हणाली. “आणि रात्रीचं. सापडलं.”

निवेदक आनंदात सांगत होता, यान वरून येताना मोठा धडाका होतो, किनाऱ्यावरच्या लोकांना घरात बसून ऐकू जातो. मी सवयीने आईला मराठीत सांगितलं. ती पडद्याकडे बघतच हळू म्हणाली, “त्याचा नसेल कुणाला ऐकू गेला. जहाजाच्या इंजिनाचा केवढा आवाज असतो.”

इतक्या महिन्यांत, तो पडला, हे ती पहिल्यांदाच बोलली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो आणि तसाच मागे घेतला. हात ठेवला असता तर मीच आधी कोसळलो असतो.

यान जहाजावर घेतलं. दार उघडलं. एकेकाला धरून बाहेर काढू लागले. आपला माणूस आला, पाय लटपटत होते, तरी हसून हात हलवत होता. आई उठली. दाराशी गेली आणि ताटली-तांब्या घेऊन आली. टीव्हीसमोर उभी राहून तिने तुकडा तीनदा ओवाळला, पाणी ओवाळलं. मग चप्पल न घालताच बाहेर गेली. लिफ्टजवळच्या खिडकीतून तिने तुकड्याचे दोन भाग दोन दिशांना टाकले आणि पाणी कुंडीत ओतलं. काकीमा माझ्याकडे बघत होत्या. त्यांना रीत ठाऊक नव्हती, पण काय झालं ते कळलं होतं. त्या रडू लागल्या.

आई आत आली आणि ताटली विसळून मांडणीत लावली. मला म्हणाली, “कुणाचा का होईना, आला ना. त्याची आई बघत असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल रिकामं होतं. ते तसं व्हावं म्हणून मी इतके महिने तिच्याशी भांडलो होतो. आता त्या मोकळ्या स्टुलाकडे बघवेना. मुंग्यांची रांग सवयीने वर चढत होती. मी स्वयंपाकघरात गेलो. आई पोळ्या लाटत होती.

“आज भाकरी नाही केलीस?”

“पीठ संपलंय,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

ज्वारीच्या पिठाचा डबा आदल्याच आठवड्यात मी भरला होता. तो तिच्यामागे फळीवर होता, गळ्यापर्यंत भरलेला. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

“आणतो,” मी म्हणालो.

“नको,” आई म्हणाली. “आता नको आणूस.”