तळ्यातला नारळ

परमिट हातात नव्हतं तोवर यातल्या एकाही गोष्टीवर हसू आलं नव्हतं हो! ते आलं, आणि आता लंचला डबे उघडले की कोणी ना कोणी सुरू होतंच, "ए, ती हिअरिंग आठवते का?"

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधलं आमचं ऑफिस म्हणजे तीन टेबलं. सत्तरीतले फडणीसकाका, कागदपत्रं सांभाळणाऱ्या त्यांच्या सुलभाकाकू आणि मी. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, तळ्यावर तरंगती सोलर पॅनल्स टाकायची, ही काकांची आयडिया. उन्हाळ्याच्या आत सरकारी परमिट आलं नाही तर ऑफिसला कुलूप, हेही काकांनीच सांगून ठेवलेलं.

*

काउंटीची इन्स्पेक्टर शेरिल पहिल्यांदा आली तेव्हा काकूंनी चकलीचा डबा पुढे केला.

"सॉरी, मला गिफ्ट घेता येत नाही. सरकारी नियम!"

"अगं, गिफ्ट कुठलं? चार चकल्या आहेत!"

शेरिल हसली, पण डब्याला हात लावला नाही. दारात आलेलं माणूस उपाशी गेलं म्हणून काकू आठवडाभर धुमसत होत्या, तेही काकांवर!

*

मग पब्लिक हिअरिंग, म्हणजे परमिटसाठीची जाहीर सुनावणी. प्रत्येकाला तीन मिनिटं. काका मराठी मंडळाच्या कार्यक्रमातल्या सवयीने उठले आणि आभार मानत सुटले. अध्यक्षबाईंचे, सभासदांचे, टाइप करणाऱ्या मुलीचे, माइकवाल्याचे... पॅनल्सवर येण्याआधीच बेल! मी डोक्याला हात लावला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "इथे लोक नुसते ओरडायला येतात. आमचे आभार आजवर कोणी मानले नव्हते. यांना अजून तीन मिनिटं द्या!"

*

त्यातून चार पॅनल्सच्या ट्रायलला परवानगी मिळाली. ती पाण्यात सोडताना काकांनी मुहूर्त बघून अख्खा नारळ तळ्याला अर्पण केला. आम्ही भक्तिभावाने हात जोडले.

पंधरा दिवसांनी पत्र. "तळ्यात नारळ तरंगताना आढळला. या भागात नारळाची झाडं नाहीत. तो तुमच्या यंत्रणेतून आला का? खुलासा येईपर्यंत फाइल थांबवली आहे."

काकांचा चेहरा पांढराफटक! "अख्खं डिझाइन पास, आणि अडकलो कशावर, तर नारळावर!"

खुलासा काकूंनी लिहिला. "नारळ यंत्रणेचा भाग नाही, शुभारंभाचा आहे. सगळी पॅनल्स बसवू तेव्हा आणखी एक येईल, कळावे."

"अगं, पुढचा कशाला कबूल केलास?" काका ओरडले. पण पत्र गेलं होतं.

*

दीड महिना काही उत्तर नाही. काका येता-जाता ऑफिसच्या किल्ल्या खिशात चाचपायचे. ते बघवायचं नाही.

आणि एका सकाळी परमिट आलं! काकांनी तेरा अटी मोठ्याने वाचल्या. चौदावीला चष्मा काढून पुसायला लागले. काकूंनी कागद ओढून घेतला. "यापुढे नारळ काठावर फोडावा." हुश्श! तिघंही रडलो यार, खोटं कशाला सांगू?

*

गेल्या शनिवारी सगळ्या पॅनल्सचा शुभारंभ झाला. शेरिल आली, हातात आपल्या इंडियन ग्रोसरीची पिशवी. आत नारळ!

काकूंनी दोन्ही हात मागे घेतले. "सॉरी हं, गिफ्ट आम्हालाही चालत नाही!"

"गिफ्ट नाही," शेरिलने काठावरच्या दगडाकडे बोट दाखवलं. "इन्स्पेक्शन. फोडा!"