भाकरीला न भुलणारा मोत्या

माझ्या सासऱ्यांचा या जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि जन्मात एकदा ज्याच्यावर बसला, त्याच्यावर शेंबड्या पोरानंही ठेवला नसता. आमच्याकडे सासऱ्याला मामंजी म्हणतात. मी माहेरची आष्टीकडची, दिली नेकनूरच्या बाजूला. घरात आले त्याच्या पहिल्या सकाळी मामंजींनी मी केलेला चहा बशीत ओतून आधी मांजरापुढं ठेवला. मांजर पिऊन धडधाकट राहिलं, तेव्हा कुठं कप तोंडाला लावला. पंचांगात अमावास्या लिहिलेली असली तरी रात्री अंगणात जाऊन ते आभाळ न्याहाळून येत. एसटीच्या कंडक्टरनं दिलेलं तिकीट उन्हात धरून बघत. देवळात चप्पल काढताना एक या पायरीला आणि एक त्या पायरीला काढत, कारण 'चोराला जोडी लागती.' गळ्यात मात्र तुळशीची माळ, आणि घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. स्वतःच्या सावलीलाही हा माणूस वळून 'कोण हाय रे' विचारतो, असं आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या.

अशा माणसाला गावानं सोसायटीचा चेअरमन केलं होतं, आणि ते शहाणपणाचंच होतं म्हणा. दुष्काळाचं साल होतं. विहिरींनी तळ दाखवलेला, आणि गावच्या जनावरांचा जीव सोसायटीच्या गोदामातल्या कडब्यावर टिकून होता. पण गोदामाला राखणदार काही टिकेना. एकाला मामंजींनी काढलं, कारण तो रात्री झोपायचा. त्याच्यानंतरच्याला काढलं, कारण तो मुळीच झोपायचा नाही. "रातभर जागतो कावून? मनात काई असल्याबिगर माणूस जागतो व्हय?" शेवटी एका संध्याकाळी ते डोंगराकडून आले ते उपरण्यात एक पिल्लू गुंडाळून. माळावर एकटंच पडलं होतं म्हणाले. त्याचं नाव मोत्या ठेवलं आणि जरा मोठं झाल्यावर गोदामाच्या दाराशी साखळीनं बांधलं. मोत्या भाकरीला तोंड लावीना. झालं, मामंजींना आभाळ ठेंगणं! "बघा, भाकरीला भुलत न्हाई. चोरानं भाकर टाकली तर माणूस भुलंल, ह्यो न्हाई भुलायचा." कौतुक खरं, पण पिल्लाच्या बरगड्या दिसायला लागल्या. उपाशीपोटी इमान किती दिवस टिकणार?

आणि एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर मामंजींची माळ खुंटीला. अंथरूण रिकामं. आमच्या भागात माळकऱ्याची माळ खुंटीला लागली की दोनच अर्थ निघतात. एक मटणाचा, आणि दुसरा नव्या सुनेनं तोंडानं बोलू नये असा. मटणाचा वास घराला नव्हता, तेव्हा मी काय समजायचं ते समजले. आत्याबाईंना सांगितलं, तर त्या "ह्या वयात?" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी मामंजींच्या ताटात आमटी वाढायची सोडून दिली. नुसती कोरडी भाकरी. मामंजी निमूट खात, यानं तर आमचा संशय पक्काच झाला. गावाचा संशय निराळा होता. हातात बॅटरी, खांद्यावर पोतं, असा चेअरमन अंधारात गोदामाकडं येताना-जाताना लोकांनी पाहिला होता. कुंपणच शेत खातंय, असं पारावर उघड बोलू लागले. खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं.

एका पहाटे लोकांनी त्यांना गोदामासमोर गाठलंच. ओरडा ऐकून आम्ही दोघी धावलो. मामंजी पोत्याचं तोंड गच्च धरून उभे, गळा उघडा.

"चेअरमन, पोत्यात काय हाय?" सर्वांत पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या धनगरानं विचारलं.

मामंजींनी मोत्याकडं पाहिलं. "कडबा," ते म्हणाले.

ज्या माणसानं सोसायटीची काडीसुद्धा दात कोरायला घेतली नाही, तो भर गावात स्वतःला चोर म्हणवून घेत होता. आणि तेवढ्यात पोत्यातल्या कडब्यानं लाथ मारली.

लोकांनी पोतं ओढलं तसा एक ससा बाहेर पडला आणि पायापायातून मोत्याच्याच दिशेनं पळाला. पुढचं सांगायला नको. मोत्याचं जेवण चालू असताना धनगर त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडं, खाली पडलेल्या शेपटाकडं बघत राहिला.

"मामा, ह्यो कदी भुकतो का?"

"न्हाई. लई शाना हाय."

"शाना न्हाई, मामा. लांडगा हाय."

गर्दी एका दमात मागं सरली, आणि मग जे हसू फुटलं! साऱ्या गावावर वहीम घेणाऱ्या माणसानं गोदामाला लांडगा बांधला होता आणि त्याच्यासाठी माळ काढून रानोमाळ ससे धरत फिरत होता. चोरीचा डाग तर तिथंच धुऊन निघाला. पण मेंढरंवाले हसले नाहीत. आज तो डोंगरात गेला नाही, तर उद्या आम्ही त्याला धोंड्यांनी मारू, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळी मामंजी त्याला घेऊन गेले आणि फार उशिरा एकटे परतले. "जात न्हवता," म्हणाले, "माज्या मागं मागं येत व्हता. धोंडा मारला म्या." आणि आम्हा दोघींसमोर लहान मुलासारखे रडले. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढं एकदा मी धीर करून विचारलं, "मामंजी, डोंगरात हयात काढली तुमी. लांडग्याचं पिल्लू वळखलं न्हाई?"

ते म्हणाले, "उपाशी व्हतं, पोरी. उपाश्याला कुणी इचारतं व्हय, तू कोण म्हून?"

त्यानंतर कधी तिन्हीसांजेला डोंगराकडून लांबलचक हेल ऐकू आला, की तो म्हातारा धनगर काठी घेऊन आमच्या दारात यायचा. "मामा, वरडलं का काई?" मामंजी बाजेवर पडल्या पडल्या म्हणायचे, "कुत्रं हाय कुनाचं तरी." सगळा जन्म मेंढरांमागं घालवलेल्या त्या माणसाला कुत्रं आणि लांडगा कळत नव्हता, असं थोडंच आहे? पण तो "आसंल, आसंल" म्हणायचा आणि काठी काखेत मारून घराकडं वळायचा.